मेयोनीज न वापरता कोलस्लॉ क्रीमी कसा करायचा? घरच्या ड्रेसिंगमागचं साधं गणित

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं येलदरी म्हटलं की सगळ्यात आधी पूर्णा नदीवरचं धरण आठवतं. त्याखालचं जलविद्युत केंद्र आठवतं आणि धरणातले मासेही.

आता समजा, मे महिना आहे. पारा बेचाळीसच्या पुढे गेलाय. येलदरीतल्या एका घरी मुलांना तळलेल्या माशासोबत किंवा चिकनसोबत 'तो हॉटेलात मिळतो तसला' कोबीचा पांढरा, गोडसर, क्रीमी कोलस्लॉ हवाय. घरात मेयोनीजची बाटली नाही. वीज येते-जाते, म्हणजे फ्रीजचा पूर्ण भरवसा नाही. मग काय करायचं?

व्हिडिओ बघून घरीच कच्च्या अंड्याचं मेयोनीज फेटायचं, असा एक सोपा वाटणारा मार्ग समोर येतो. नेमका तोच मार्ग या हवामानात टाळायला हवा. चांगली गोष्ट अशी की कोलस्लॉच्या क्रीमी ड्रेसिंगला कच्चं अंडं लागतच नाही. त्यासाठी लागणाऱ्या तीन युक्त्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. चक्का बांधणं, मोहरी फेसणं आणि मीठ लावून पिळणं.

त्या कशा काम करतात, ते समजून घेऊया.

कोलस्लॉ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द डच भाषेतून आला. 'कूल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' म्हणजे सॅलड. डच लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तिथे हा पदार्थ रुजला आणि 'कूलस्ला'चा 'कोलस्लॉ' झाला. पुढे अमेरिकेत बाटलीबंद मेयोनीज घरोघरी पोहोचलं आणि कोलस्लॉ म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेला कोबी, असं समीकरण झालं. भारतात १९९५ नंतर परदेशी फ्राईड चिकनची दुकानं आली. त्यानंतर ही छोटी पांढरी वाटी आपल्याही ओळखीची झाली.

थोडक्यात, कोलस्लॉ ही कोबीची कोशिंबीरच आहे. फरक तिच्या ड्रेसिंगमध्ये आहे. आपली कोशिंबीर दह्यात सैलसर असते, कोलस्लॉचं ड्रेसिंग मात्र कोबीच्या प्रत्येक काडीला चिकटून बसतं.

कच्च्या अंड्याचा प्रश्न का आला?

मेयोनीज म्हणजे तेल आणि आंबट पाणी यांचं मिश्रण. एरवी ही दोन्ही एकत्र राहत नाहीत. पण अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो. त्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले राहतात आणि आपल्याला ते 'क्रीमी' लागतं. शास्त्रीय भाषेत याला इमल्शन म्हणतात.

अडचण अशी की यात अंडं शिजत नाही. अंड्यात किंवा त्याच्या कवचावर साल्मोनेला जिवाणू असेल, तर तो मारणारी उष्णता या पदार्थाला कुठेच मिळत नाही. व्हिनेगर किंवा लिंबामुळे जिवाणूंची वाढ मंदावते. पण आंबटपणा कमी पडला आणि भांडं तासन् तास उन्हाळ्यात बाहेर राहिलं, तर तेवढ्यावर भागत नाही.

ही नुसती शंका नाही. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हैदराबादमध्ये मोमो खाल्ल्यानंतर अनेकांना विषबाधा झाली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणाने वर्षभरासाठी बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही एक वर्षाची बंदी जाहीर केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या बंदीचा रोख कच्च्या अंड्यापासून बनवलेल्या मेयोनीजवर होता, बाजारातल्या प्रत्येक बाटलीवर नाही. कंपन्यांच्या सीलबंद मेयोनीजमध्ये एकतर पाश्चराइज केलेलं अंडं असतं किंवा अंडं नसतंच. खरी जोखीम गाडीवर किंवा घरी कच्चं अंडं फेटून केलेल्या आणि बाहेर ठेवलेल्या मेयोनीजची आहे. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसं यांना ती जास्त असते.

मग क्रीमीपणा कुठून आणायचा?

पहिली युक्ती: चक्का

दह्यातलं पाणी काढून टाकलं की मागे प्रथिनं आणि स्निग्धांश उरतो. दुधातलं केसीन हे प्रथिनसुद्धा तेल आणि पाणी धरून ठेवतं, म्हणजे बलकाचं काम काही अंशी तेच करतं. दही मुळात आंबट असल्याने वेगळं व्हिनेगरही कमी लागतं.

अर्धा किलो घट्ट, ताजं दही फडक्यात बांधा. श्रीखंडाइतका कोरडा चक्का नको, दोन-अडीच तास पुरेत. उन्हाळ्यात दही बाहेर टांगलं तर भराभर आंबतं. म्हणून भांड्यावर चाळण, चाळणीत फडकं आणि त्यात दही, असं सगळं फ्रीजमध्ये ठेवा. साधारण निम्मं वजन चक्क्याचं निघेल. खालचं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला चालतं.

दुसरी युक्ती: फेसलेली मोहरी

परदेशी कृतींमध्ये 'मस्टर्ड' घाला असं लिहिलेलं असतं आणि आपण त्यासाठी बाटली शोधतो. पण मोहरी फेसून काकडीच्या कोशिंबिरीत किंवा भरतात घालायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातलं एक विकर जागं होतं आणि तिखट वास तयार करतं. म्हणून पाणी थंड हवं. गरम पाण्याने विकर निकामी होतं आणि मोहरी नुसती कडू लागते. अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड, एक मोठा चमचा थंड पाणी, दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याने फेसायची. आंबट त्यानंतरच घालायचं, कारण आधी घातलं तर झणका चढत नाही.

मोहरीचा दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत असतो. तिच्या सालात चिकट द्रव्य असतं आणि ते तेलाचे थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही. म्हणजे मोहरी चवीसाठी आहेच, शिवाय ड्रेसिंग फुटू नये म्हणूनही आहे.

तिसरी युक्ती: मीठ लावून पिळणं

ड्रेसिंग कितीही छान जमलं तरी अर्ध्या तासात वाटीत पाणी का सुटतं? कारण कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मीठ आणि साखर लागली की ते बाहेर येतं. काकडी कोचवून, मीठ लावून पिळतो, तेच इथे करायचं. अर्धा किलो चिरलेल्या कोबीला एक छोटा चमचा मीठ चोळा, चाळणीत अर्धा तास ठेवा आणि मुठीने घट्ट पिळा. कोबी मऊ पडत नाही, उलट लवचीक आणि कुरकुरीत राहतो.

आता प्रत्यक्ष कृती

चार-पाच जणांसाठी, अर्धा किलो कोबी आणि एका गाजराला पुरेल एवढं ड्रेसिंग:

- चक्का: एक मोठी वाटी, साधारण २०० ग्रॅम
- साय: दोन मोठे चमचे
- तेल: तीन मोठे चमचे
- साखर: दोन छोटे चमचे
- लिंबाचा रस किंवा व्हिनेगर: एक मोठा चमचा
- वर सांगितल्याप्रमाणे फेसलेली मोहरी
- मिरीपूड: पाव छोटा चमचा
- मीठ: चिमूटभर, कारण कोबीला आधीच लावलं आहे

तेल बिनवासाचं हवं. मराठवाड्यात करडईचं तेल मिळतं आणि रिफाइंड करडई तेल यासाठी उत्तम. घाण्याचं तेल वापरलं तर त्याचा वास पुढे येतो. आवडत असेल तर हरकत नाही, पण मग प्रमाण निम्मं ठेवा.

१. फेसलेल्या मोहरीत साखर, मीठ, लिंबाचा रस आणि एक चमचा चक्का घालून फेटा.

२. आता तेल अगदी बारीक धारेने सोडा आणि फेटत राहा. एकदम ओतलं तर तेल वेगळं तरंगतं. मिश्रण पांढरट आणि दाट दिसायला लागलं म्हणजे जमलं.

३. साय आणि उरलेला चक्का चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढून घ्या, म्हणजे गुठळ्या राहणार नाहीत. ते या मिश्रणात हलक्या हाताने मिसळा. मिक्सर लावू नका. त्याच्या पात्याने चक्क्याची बांधणी मोडते आणि ड्रेसिंग ताकासारखं पातळ होतं.

४. मिरीपूड घाला, चव बघा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. थंड झाल्यावर ते आणखी दाट होतं.

कोबी कच्चाच खायचा असल्याने वरची दोन-तीन पानं काढून टाका. बाकीची सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा आणि चिरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा. पिळण्याआधी हातही स्वच्छ धुवा. पिळलेला कोबी आणि किसलेलं गाजर ड्रेसिंगमध्ये वाढायच्या वेळीच कालवा.

माशासोबत दही चालत नसेल तर?

अनेक घरांत मासे आणि दही एकत्र खात नाहीत. त्यांच्यासाठी दोन पर्याय आहेत.

एक, शेंगदाण्याचं ड्रेसिंग. अर्धी वाटी शेंगदाणे मऊ उकडून साल काढा. लिंबाचा रस, फेसलेली मोहरी, साखर, मीठ आणि थोडं पाणी घालून मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. शेंगदाण्यात तेल आणि प्रथिनं दोन्ही असल्याने वेगळं तेल लागत नाही. इथे मिक्सर चालतो, कारण मोडण्यासारखी दह्याची बांधणीच नाही.

दुसरा, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक. दोन बलक कुस्करून त्यात मोहरी आणि लिंबू घाला आणि तेलाची धार सोडत फेटा. उकडल्यावरही बलकातलं लेसिथिन काम करतं. ड्रेसिंग थोडं रवाळ होतं, पण मेयोनीजच्या सगळ्यात जवळची चव हीच.

टिकतं किती?

कच्चं अंडं नाही म्हणून हे ड्रेसिंग कितीही वेळ बाहेर ठेवलं तरी चालेल, असं अजिबात नाही. अन्नातले जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात वाढतात. असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी पारा बत्तीसच्या बराच वर असतो. म्हणजे आपल्यासाठी नियम एका तासाचाच.

- ड्रेसिंग काचेच्या कोरड्या बरणीत, नीट चालणाऱ्या फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. वीज बराच वेळ गेली असेल तर हे गणित बदलतं. अशा वेळी एका जेवणापुरतंच करा.
- कालवलेला कोलस्लॉ त्याच जेवणात संपवा.
- डबा द्यायचा असेल तर हे ड्रेसिंग उन्हाळ्यात टाळा. त्याऐवजी पिळलेल्या कोबीला लिंबू, मिरी आणि फेसलेली मोहरी लावून द्या.
- घरी पाहुणे असतील तर परातीत बर्फ घालून त्यात कोलस्लॉचं पातेलं ठेवा. भर मात्र थोडी थोडी घाला.
- वास, रंग किंवा चव बदललेली वाटली तर चाखून खात्री करत बसू नका, टाकून द्या. आणि लक्षात ठेवा, साल्मोनेलासारखा जिवाणू असला तरी पदार्थाचा वास बदलेलच असं नाही. म्हणून नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवा.