आठ दिवस विरुद्ध छत्तीस तास : सैनिकी अधिकारी आंतरराष्ट्रीय संबंध का शिकतात?

पणजीहून मांडवीपलीकडे पाहिले, की वेरेचा किनारा दिसतो. तेथे नौदलाचे 'नेव्हल वॉर कॉलेज' आहे. या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये मुंबईत झाली. २०१० मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि २०११ मध्ये ती गोव्यात आली. मार्च २०२४ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तिच्या नव्या 'चोल' या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा ती बातमी आपण सर्वांनी वाचली. मात्र त्या इमारतीत नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. नौदलाचे महाविद्यालय म्हटल्यावर तोफा, क्षेपणास्त्रे आणि जहाजांचे डावपेच एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तेथील मध्यम व वरिष्ठ श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासात आणखी एका विषयाला मोठे स्थान आहे. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध.

ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने परराष्ट्र धोरणाचा अभ्यास कशासाठी करायचा? त्यासाठी परराष्ट्र मंत्रालय आहे, राजदूत आहेत. हा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी गोमंतकीयांना दूर जायला नको. ते आपल्याच इतिहासात आहे.

डिसेंबर १९६१ चा धडा

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात शिरली आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. 'ऑपरेशन विजय' छत्तीस तासांच्या आसपास आटोपले. ही हकीकत आपल्याला पाठ आहे. तिची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. लिस्बनहून सालाझार यांनी गव्हर्नरना किमान आठ दिवस तग धरण्यास सांगितले होते. आठ दिवसांत कुमक पोहोचणे शक्य नव्हते, हे लिस्बनला ठाऊक होते. ते आठ दिवस हवे होते जागतिक मत आपल्या बाजूने वळवण्यासाठी.

ही आशा अगदीच निराधार नव्हती. पोर्तुगाल हा 'नाटो'चा संस्थापक सदस्य होता. १८ डिसेंबरलाच न्यू यॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक भरली. युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार यांची मागणी करणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात आणि विरोधात चार मते पडली. विरोधी मतांपैकी एक सोव्हिएत संघाचे, म्हणजेच नकाराधिकाराचे होते, म्हणून तो ठराव फेटाळला गेला. श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक ही विरोधात मत देणारी अन्य तीन राष्ट्रे.

'नाटो' लष्करी मदतीला का आली नाही, याचे एक उत्तर कराराच्या मजकुरातच होते. परस्पर संरक्षणाचे बंधन कोणत्या भूभागापुरते आहे, हे त्या कराराच्या सहाव्या कलमात सांगितले आहे. ते कलम मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील उत्तर अटलांटिक क्षेत्र यांविषयी बोलते. अरबी समुद्राच्या काठी वसलेला गोवा त्यात बसत नव्हता.

आता ही सारी माहिती मोहिमेची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहावी. ठराव किती काळ रोखून धरता येईल, हे सैन्याच्या हाती नव्हते. मोहीम किती लवकर संपेल, हे मात्र होते. म्हणून वेग ही केवळ लष्करी गरज नव्हती, राजनैतिक गरजही होती. नागरी हानी कमीत कमी ठेवण्याचे कारणही तेच. दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले गेले, पण विमानतळाच्या इमारती आणि सुविधा शाबूत ठेवायच्या, असा आदेश होता. आठ दिवसांचे गणित छत्तीस तासांनी मोडले, ते असे.

शिकवतात काय आणि केव्हा?

भारतात अधिकाऱ्याचे शिक्षण एका टप्प्यात संपत नाही. पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर प्रवेश मिळतो. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाबरोबर तेथे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही मिळते. कला शाखेच्या कॅडेटला राज्यशास्त्राच्या अंगाने हा विषय भेटतो. शिवाय अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन यांसारख्या परकीय भाषांचेही शिक्षण दिले जाते. शेजारी बाकावर मित्रदेशांतून आलेले कॅडेट असतात, हे वेगळेच शिक्षण.

दुसरा टप्पा साधारण दहा-बारा वर्षांच्या सेवेनंतर येतो. फाळणीत क्वेट्टाचे स्टाफ कॉलेज पाकिस्तानकडे गेल्यावर भारताने निलगिरीतील वेलिंग्टन येथे आपले स्टाफ कॉलेज उभारले. भूदल, नौदल, हवाईदल आणि अनेक परदेशांचे अधिकारी तेथे एकत्र शिकतात आणि मद्रास विद्यापीठाची संरक्षण व सामरिक अभ्यासातील पदव्युत्तर पदवी मिळवतात. तिसरा टप्पा उच्च पातळीचा. १९६० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या नॅशनल डिफेन्स कॉलेजात ब्रिगेडियर किंवा समकक्ष दर्जाचे अधिकारी, भारतीय प्रशासकीय, परराष्ट्र व पोलीस सेवेतील अधिकारी आणि परदेशी अधिकारी सुमारे ४७ आठवडे सोबत अभ्यास करतात. आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि भारताचा सामरिक शेजार हे त्या अभ्यासक्रमाचे महत्त्वाचे भाग आहेत. वेरेचे कॉलेज याच साखळीतील नौदलाचा दुवा होय.

विषयाचा गाभा तसा सोपा आहे. राष्ट्रे कशाने प्रेरित होतात? सत्तेचा समतोल कसा साधला जातो आणि कसा ढळतो? आपण स्वसंरक्षणासाठी केलेली तयारी शेजाऱ्याला आक्रमणाची तयारी का वाटते? करार कधी पाळले जातात आणि कधी मोडले जातात? या प्रश्नांना पाश्चात्त्य ग्रंथांत सिद्धान्तांची नावे मिळाली; परंतु प्रश्न आपल्याकडेही जुनेच आहेत. कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव असे परराष्ट्रनीतीचे सहा मार्ग सांगितले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी जो इशारा आहे, तोही याच जातीचा. हे व्यापारी इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. सबब त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असे अमात्य बजावतात. फिरंग्यांचा शेजार काय असतो, हे अनुभवलेल्या गोव्याला या इशाऱ्याचे मोल निराळे सांगायला नको.

निःशस्त्र सेनापती

हा अभ्यास केवळ सेनापतींच्या कामाचा नसतो. १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या त्याचे अध्यक्ष होते. कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे आले. सुमारे २२ हजार चिनी व उत्तर कोरियन कैदी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक, असा तो पसारा होता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग होता, की भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली. परिणामी सैनिकांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

तेथे चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले. बळाचा वापर केला असता तर रक्तपात झाला असता आणि दोन्ही गटांना भारताच्या तटस्थतेवर बोट ठेवायला निमित्त मिळाले असते. थोरात स्वतः निःशस्त्र त्या कुंपणात गेले, कैद्यांशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. यात धैर्य होतेच. त्याबरोबर, आपल्या बंदुकीतून सुटलेली एक गोळी दिल्ली, पेकिंग आणि वॉशिंग्टन येथे कशी वाचली जाईल, याची जाणही होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी सेवा केली. त्यांतील कितीतरी कनिष्ठ अधिकाऱ्यांसमोर नाक्यावर, छावणीत, जमावापुढे अशीच वेळ आली असणार.

एका जहाजाची पाच राष्ट्रे

समुद्रावर तर हा गुंता अधिकच. 'रुएन' या मालवाहू जहाजाचे डिसेंबर २०२३ मध्ये अपहरण झाले. जहाजावर माल्टाचा ध्वज होता, मालकी बल्गेरियन होती. मार्च २०२४ मध्ये सुटका झाली तेव्हा जहाजावर बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला येथील १७ कर्मचारी होते. चाचे सोमाली होते आणि ठिकाण भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर, खुल्या समुद्रात. 'आयएनएस कोलकाता' आणि नौदलाच्या 'मार्कोस' कमांडोंनी सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर सर्व १७ जणांना सुखरूप सोडवले आणि ३५ चाच्यांना ताब्यात घेतले.

अशा वेळी जहाजाच्या कप्तानापुढे प्रश्नांची रांग उभी असते. दुसऱ्या देशाचा ध्वज असलेल्या जहाजावर आपण चढू शकतो का? पकडलेल्यांवर खटला कुणी चालवायचा? १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा खुल्या समुद्रातील चाचेगिरीविरुद्ध कोणत्याही राष्ट्राच्या युद्धनौकेला कारवाईचा अधिकार देतो आणि पकडणाऱ्या राष्ट्राच्या न्यायालयाला शिक्षेचा. भारताने २०२२ मध्ये स्वतःचा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला. त्यामुळे त्या ३५ जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करता आले. ज्यांच्या घरातला एखादा तारवटी आजही परदेशी ध्वजाच्या जहाजावर आहे, अशा गोमंतकीय कुटुंबांना या कायद्याच्या ज्ञानाचे महत्त्व पुस्तकी वाटणार नाही.

अभ्यासाची मर्यादा आणि उणीव

तरीही आक्षेप पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. तरुण लेफ्टनंटला आधी नकाशा वाचता यावा, तुकडी सांभाळता यावी, हे खरेच. प्रशिक्षणाचे तास मोजके असतात. म्हणूनच हा विषय टप्प्याटप्प्याने, जबाबदारी वाढेल तसा वाढवला जातो. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. परराष्ट्र धोरण ठरवण्याचा अधिकार लोकनियुक्त सरकारचा. अधिकाऱ्याने ते जाणून घ्यावे, त्याचे लष्करी परिणाम सरकारला स्पष्टपणे सांगावेत आणि निर्णय झाल्यावर तो अमलात आणावा. धोरण समजणे वेगळे आणि धोरण आपल्या हाती घेणे वेगळे.

ही समज दोन्ही बाजूंना नसली, तर काय होते, याचा धडा श्रीलंकेने दिला. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय सेना तेथे शांतता राखण्यासाठी गेली आणि ऑक्टोबरमध्ये ज्यांची शस्त्रे उतरवायची, त्या 'एलटीटीई'शीच युद्धाला उभी राहिली. पुढे कोलंबोतील सत्ता बदलली आणि नव्या अध्यक्षांनी भारतीय सैन्याने परत जावे, अशी मागणी केली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १२०० भारतीय जवान धारातीर्थी पडले होते. सैनिक शौर्यात कमी पडले नाहीत. कशासाठी, कुणाविरुद्ध आणि किती काळ, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र वाटेत बदलत गेली.

इतका महागडा धडा मिळूनही एक उणीव कायम आहे. सैनिकी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी, अभ्यासकांनी एकत्र अभ्यास करावा, म्हणून हरियाणातील बिनोला येथे राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची २०१३ मध्ये पायाभरणी झाली. दशक उलटले, तरी ते विद्यापीठ प्रत्यक्षात सुरू झालेले नाही.

आपल्या मुलांसाठी

खडकवासल्याच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ गणितात जातो. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० आहेत. त्या ६०० मध्ये इंग्रजी आणि विज्ञानाबरोबर इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडीही येतात. निवड मंडळासमोरील गटचर्चेत तर परराष्ट्र व्यवहाराचा विषय हमखास निघू शकतो. २०२२ पासून मुलींनाही या प्रबोधिनीचे दार उघडले असून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. म्हणजे हा सल्ला आता घरातल्या मुलामुलींना सारखाच लागू आहे : रोजच्या वृत्तपत्रातील परदेशाचे पान वगळू नये आणि बातमी वाचताना नकाशा उघडा ठेवावा.

आणि सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न पडलाच, तर ती घरापासून करावी. डिसेंबर १९६१ मध्ये पणजीत काय घडले, हे बहुतेकांना आजी-आजोबांकडून कळलेले असते. त्याच दिवशी न्यू यॉर्कमध्ये कोणी कोणत्या बाजूने हात वर केला आणि का, हे एकदा शोधून वाचावे. वेरेच्या वर्गात अनुभवी अधिकाऱ्यांना ज्या प्रकारच्या प्रश्नांशी झगडावे लागते, त्यांची ओळख तेथूनच सुरू होईल.