मधुमेह : हिशेब ज्याचा त्याने मांडावा

दुसऱ्याच्या वहीवरून आपण आपला नफा-तोटा काढत नाही. मधुमेहात मात्र शेजारच्या दुकानदाराला मानवलेले पथ्य आपण डोळे झाकून उचलतो.

गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने आधी चहा मोजावा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे दिवसाला सुमारे ५० ते ६० ग्रॅम साखर. ती बंद करावी आणि जेवणानंतर १०-१५ मिनिटे चालावे. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. जरीकामाचा कारागीर तासन्‌तास मांडी घालून बसतो. त्याने दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार पाळीभर उभाच असतो. त्याने वेळेवर जेवणे अधिक महत्त्वाचे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते, हात थरथरतात, घाम फुटतो. अशा वेळी लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पायही रोज पाहावेत. बधिर पायाला जखम कळत नाही.

ताटात पाव-भात कमी आणि डाळ-भाजी जास्त, हे बहुतेकांना लागू. किती कमी, हे वजन, काम आणि औषध पाहून ठरते. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना विचारावे; औषध मनाने बदलू नये.

एचबीए१सी तपासणी म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद. तो पाहूनच पुढचा खर्च ठरवावा. दुकान उद्याही उघडायचे आहे, त्यासाठी मालक धडधाकट हवा.