फ्लोरिडाचा टार्पन मासा आणि शेतातील पाणी

गळ टाकून मासे धरणे आपल्या कोकणपट्टीला नवे नाही. खाडीच्या काठी बसून कोळंबीच्या आमिषावर जिताडा धरणारी माणसे रायगड-रत्नागिरीकडे आजही दिसतात. परंतु मासा धरावयाचा, नावेशेजारी आणावयाचा आणि लगेच सोडून द्यावयाचा, आणि एवढ्यासाठी नावाड्यास दिवसाचे कित्येक शंभर डॉलर मोजावयाचे, हा प्रकार आपल्या शेतकऱ्यास चमत्कारिक वाटेल. मलाही तो प्रथम तसाच वाटला. अमेरिकेच्या आग्नेय टोकास असलेल्या फ्लोरिडा राज्यात मात्र या छंदावर किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. शेतीविषयक पत्रिकेत त्याची माहिती देण्याचे कारण असे की, या माशांचे भवितव्य समुद्रात जेवढे, तेवढेच तेथून सुमारे दीडशे किलोमीटर आत असलेल्या उसाच्या शेतांत ठरत आले आहे.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकास 'कीज' नावाच्या बेटांची माळ आहे. ही बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधील फ्लोरिडा उपसागर फार उथळ असून त्याची सरासरी खोली सुमारे एक मीटर आहे. तळाशी वाळू, चिखल व सागरी गवताची कुरणे आहेत, आणि काठाने तिवरांची झाडी आहे. भरतीबरोबर या गवतावर कोळंबी व खेकडे खाण्यास बोनफिश व पर्मिट हे मासे येतात. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत टार्पन मासे रांगेने किनाऱ्याकडेने जातात. टार्पनचे खवले चांदीच्या रुपयासारखे चमकतात. मोठी मादी माणसाहून लांब असते व पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते.

पिसांची माशी

आपल्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला असते. दोरी केवळ त्यामागून जाते. येथे सारे उलट आहे. आमिष म्हणजे आकड्यावर पिसे व केस बांधून केलेली खोटी माशी. ती इतकी हलकी की हाताने फेकली तर पुढ्यातच पडावी. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. सुमारे नऊ फूट लांबीची लवचिक काठी मागेपुढे हलवून जाड दोरी हवेत उलगडत नेतात आणि तिच्या टोकाशी असलेली माशी पन्नास-साठ फुटांवर अलगद उतरवितात. गोड्या पाण्यातील लहान माशांसाठी ही पद्धत पूर्वापार होती. खाऱ्या पाण्यातील बोनफिश तिने मुद्दाम धरण्याची सुरुवात जो ब्रूक्स या लेखकाने १९४७ साली कीजमधील इस्लामोराडा येथे केली, असे सांगतात. त्या वेळी जिमी ऑलब्राइट हा नावाडी त्याच्याबरोबर होता.

खरे कौशल्य नावाड्याचे आहे. यंत्र बंद करून तो नावेच्या मागील उंच फळीवर उभा राहतो आणि लांब काठीने नाव रेटीत नेतो. आवाज झाला की मासे गेलेच. वारा, भरतीची ओढ, उन्हाची तिरीप व पाण्याखालील सावली पाहून तो मासा हेरतो, आणि कोणत्या दिशेस किती अंतरावर माशी टाकावी हे गळवाल्यास सांगतो. माशी माशाच्या तोंडापुढे पडावयास हवी. अंगावर पडली तर सारा थवा उधळतो.

टार्पनच्या तोंडाचे हाड कठीण असते. त्याने माशी घेतली की काठी वर न उचलता दोरी हाताने सरळ ओढून आकडा रुतवावा लागतो. मग मासा पाण्याबाहेर उसळी घेतो. त्या क्षणी काठी पुढे झुकवून दोरी सैल सोडली नाही, तर त्याच्या भाराने दोरा तुटतो. ९ किलो वजन जेमतेम पेलणाऱ्या दोऱ्यावर २००१ साली होमोसासा येथे सुमारे ९२ किलोचा टार्पन धरला गेला. झुंज लांबली की मासा थकतो, आणि मग मुशी त्यास गाठते. म्हणून जाणते गळवाले झुंज लवकर आटोपतात किंवा दोरा मुद्दाम तोडतात.

टार्पन काटेरी असल्याने तेथे तो कोणी विशेष आवडीने खात नाही. २०१३ साली फ्लोरिडाने टार्पन व बोनफिश हे दोन्ही मासे धरून सोडून देण्यापुरतेच ठेवले. चाळीस इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढण्यासही मनाई आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कीजमधील उथळ पाण्याच्या मासेमारीचे आर्थिक मूल्य वर्षास सुमारे ४६ कोटी ५० लाख डॉलर काढण्यात आले. एकच मासा पुन्हा पुन्हा धरला जातो व प्रत्येक वेळी गावात पैसा आणतो, असा हा हिशेब आहे. आपल्या खाडीतील मासा हे लोकांचे अन्न आहे, तेव्हा हा छंद येथे आणावा असे मी सुचवीत नाही.

उसाच्या मळ्यांचा संबंध

ओकीचोबी सरोवराचे पाणी पूर्वी दक्षिणेकडे एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीतून पसरट व संथ वाहत फ्लोरिडा उपसागरास मिळे. १९२८ च्या वादळात सरोवर फुटून मोठी प्राणहानी झाली. नंतर बंधारे झाले. १९४८ पासून सरकारने कालवे, बांध व पंपांची मोठी योजना हाती घेतली. सरोवराच्या दक्षिणेस सुमारे सात लाख एकर जमीन लागवडीस आली. तीत मुख्यतः ऊस आहे. पुष्कळसे पाणी पूर्व व पश्चिम किनाऱ्यांकडे वळविले गेले आणि उपसागरास येणारे गोडे पाणी घटले.

परिणाम १९८७ साली दिसला. कडक उन्हाळ्यात पाणी तापले, क्षार वाढले आणि सुमारे चार हजार हेक्टरांवरील सागरी गवत पार मेले. २०१५ च्या अवर्षणानंतर पुन्हा तसेच घडले. गवत मरण्याची रीत भातशेतकऱ्यास चटकन समजेल. पाणी तुंबलेल्या खाचरात मुळे काळी पडतात व सडक्या अंड्यासारखा वास येतो. तोच विषारी वायू समुद्राच्या चिखलातून उठून गवताच्या मुळांत शिरतो. गवत गेले की कोळंबी जाते, पाणी शेवाळाने हिरवे होते, आणि नावाड्यास रिकाम्या पाण्यावरून गिऱ्हाईक परत आणावे लागते.

मग पाणी सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. अडचण स्फुरदाची होती. शेतातून येणाऱ्या पाण्यात खताचा स्फुरद असे. एव्हरग्लेड्सच्या वनस्पती अत्यंत अल्प स्फुरदावर वाढलेल्या. तो वाढताच मूळचे गवत हटून पाणकणीस माजते. तेथे शंभर कोटी भागांत दहा भाग एवढीच स्फुरदाची मर्यादा ठरली आहे. म्हणजे पाणी स्वच्छ झाल्याखेरीज दक्षिणेस सोडता येईना.

यावर जे उपाय झाले त्यांत आपल्या ग्रामसेवकांस अपरिचित असे काही नाही. माती तपासूनच स्फुरद देणे. खत फेकून न देता ओळीत पेरून देणे. पाऊस पडताच पंप न लावता पाणी काही काळ शेतातच थोपविणे. चरांतील गाळ काढणे व चरांचे काठ गवताने धरून ठेवणे. खोऱ्यातून जाणाऱ्या स्फुरदात निदान २५ टक्के घट व्हावी, असे बंधन मळेवाल्यांवर घालण्यात आले. प्रत्यक्षात दीर्घ मुदतीची सरासरी घट निम्म्याहून अधिक भरली आहे. उरलेला स्फुरद शोषून घेण्यास सरकारने हजारो एकरांवर पाणवनस्पतींची तळी बांधली. १९२८ पासून पाणी अडवून बसलेल्या टामियामी रस्त्याखाली २०१३ साली एक मैलाचा पूल झाला, पुढे आणखी झाले. तरीही उपसागरास पूर्वीइतके पाणी मिळू लागलेले नाही.

टार्पनची पिले उघड्या समुद्रात वाढत नाहीत. ती भरतीबरोबर तिवरांतील कुबट, साचलेल्या डबक्यांत शिरतात. तेथे पाण्यात प्राणवायू कमी असतो, पण टार्पन वर येऊन हवा गिळतो, म्हणून तो तगतो व मोठे मासे तेथे येऊ शकत नाहीत. अशी कितीतरी डबकी निरुपयोगी म्हणून बुजविली गेली, किंवा डासांसाठी बांध घालून खाडीपासून तोडली गेली; आता काही ठिकाणी बांधाखाली नळ घालून ती पुन्हा जोडीत आहेत. याच माशाचा एक धाकटा भाऊबंद आपल्या समुद्रातही आहे. जिताड्याची पिलेही पावसाळ्यात अशीच खाडीतून खारबांधाच्या उघाडीवाटे आत येतात, आणि रायगडकडील शेतकरी ती गोळा करून तळ्यांत वाढवितात. खारबांधाच्या दुरुस्तीची आखणी करताना बांधालगतचे तिवरांतील डबके भरावासाठी मोजण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा त्यात पागे टाकून पाहावे.