शिळोप्याच्या गप्पा कोठे गेल्या?

‘गप्पा’ हा शब्द मराठी माणूस बहुधा अनेकवचनातच वापरतो, आणि ते योग्यही आहे. कारण गप्पा एकट्याने मारता येत नाहीत. त्यांना समोर दुसरे माणूस लागते. त्यातही ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हणून जो प्रकार आहे, त्याला कामधाम आटोपलेली, कसलीही घाई नसलेली वेळ लागते. रात्रीची जेवणे झाली, भांडी विसळून पालथी पडली, कोणी अडकित्ता घेऊन सुपारी कातरीत बसले, कोणी उद्याची भाजी निवडावयास घेतली, की अशी वेळ आपल्या पावलांनी घरात येत असे. त्या वेळी जे बोलले जाई त्यात महत्त्वाचे असे फारसे काही नसे. आणि तरीही घराला घरपण येई ते त्या बिनमहत्त्वाच्या बोलण्यानेच.

आज ही वेळ घराघरांतून उठून गेली आहे. माणसे तीच आहेत, ओसरी नसली तरी बैठकीची खोली आहे, जेवणेही एकाच सुमारास होतात. पण हात धुऊन झाले की जो तो आपल्या हातातल्या काचेकडे वळतो. चार माणसे एका खोलीत बसलेली असतात आणि चार निरनिराळ्या गावांना गेलेली असतात. आतल्या खोलीतील मुलाला ‘पान वाढले आहे’ हा निरोपसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडावा लागतो, अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत.

आम्ही बेळगावकडच्या एका सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. पालकांची गाऱ्हाणी ऐकणे हा आमच्या पेशाचा एक भागच होय. पूर्वी आईबाप येत आणि म्हणत, ‘गुरुजी, पोरगा अभ्यास करीत नाही.’ अलीकडे ते येतात आणि म्हणतात, ‘सर, पोरगा बोलत नाही.’ या दोन गाऱ्हाण्यांत फार मोठे अंतर आहे. न होणारा अभ्यास शाळेत भरून काढता येतो. घरात न होणारे बोलणे कोठे भरून काढावयाचे?

या विषयावर कोणी लिहू लागला की एक आक्षेप हटकून येतो: प्रत्येक पिढीने नव्या वस्तूच्या नावाने बोटे मोडलीच आहेत. रेडिओ आला तेव्हा मोडली, सिनेमा आला तेव्हा मोडली, दूरचित्रवाणी आली तेव्हा तर विशेषच मोडली. मग फोननेच काय घोडे मारले? आक्षेप विचार करण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तरही दिले पाहिजे.

१९८७ आणि १९८८ मधील रविवारच्या सकाळी आठवाव्यात. दूरदर्शनवर ‘रामायण’ लागे, आणि ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्याच्या बैठकीत आळीतली निम्मी माणसे दाटीवाटीने बसत. पाहणे एकत्र होई, हुंकार एकत्र निघत, आणि संपल्यावर तासभर त्यावरच बोलणे चाले. मुख्य म्हणजे ते संपत असे. रेडिओवरील श्रुतिका संपे, सिनेमा संपे, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येई, पुस्तकाचे प्रकरण संपे. संपणे हा या साऱ्या करमणुकींचा गुण होता. कारण संपल्यावर माणूस मान वर करतो, आणि मान वर केली की समोरचे माणूस दिसते.

हातातल्या फोनमधून हा शेवटच काढून टाकला आहे, आणि तो योगायोगाने नव्हे, योजनेने. पडद्यावरील मजकूर बोटाने सरकवावा आणि खालून आणखी मजकूर येतच राहावा, ही युक्ती एझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने २००६ मध्ये काढली. पूर्वी पान संपले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे आणि त्या क्षणात ‘पुरे आता’ असा विचार मनात येण्यास जागा होती. ती जागाच या युक्तीने बुजवली. पुढे स्वतः रास्किन यांनीच आपल्या या करणीबद्दल खेद व्यक्त केला आहे. पण युक्ती एकदा बाजारात गेली ती गेलीच. या फोनवरील बहुतेक करमणूक आपल्याला फुकट मिळते असे आपण समजतो. वास्तविक तेथे आपण गिऱ्हाईक नसतो, माल असतो. आपले लक्ष जाहिरातदारांना विकले जाते. म्हणून ते जितके अधिक काळ खिळून राहील तितका विकणाऱ्याचा फायदा अधिक. अशा दुकानाला बंद होण्याची वेळ असेलच कशी?

आणि हे सारे किती थोड्या काळात घडले! भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. तो फोन केवळ बोलण्याचा होता. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत आयफोन लोकांसमोर आला आणि फोन पाहण्याची वस्तू झाला. तरीही इंटरनेट महाग होते, म्हणून मध्यमवर्गीय घर जपूनच वागत होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि तो बांधही फुटला. ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन. त्या दिवशी देशातील मुलांना एक नवा, कधीही न थकणारा मास्तर मिळाला, हा दैवदुर्विलास आम्हा शिक्षकांच्या लक्षात येण्यास मात्र काही वर्षे जावी लागली.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली. ज्या वस्तूला शाळेच्या फाटकापाशी बंदी होती तिलाच शाळेने सन्मानाने घरात बोलावले. त्या वेळी दुसरा इलाजही नव्हता, आणि अनेक मुलांचे शिक्षण त्यामुळेच तुटले नाही हे मान्यच केले पाहिजे. पण शाळा उघडल्या, मुले परत आली, फोन मात्र त्यांच्या हातातून परत गेला नाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की, ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी तो वापरणारी मुले होती सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. ‘अभ्यासासाठी लागतो’ असे म्हणून मागितलेला फोन पुढे कोणत्या वाटेने जातो, हे या दोन आकड्यांवरून उघड होते.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही प्रांतातील घराला लागू पडेल. आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना, याची किंमत अधिक मोजावी लागत आहे. आणि खरे दुखणे तेथे आहे.

पुण्या-साताऱ्याच्या मुलाने घरात तोंड उघडले नाही तरी त्याच्या कानांवर रस्त्यात, बसमध्ये, भाजीमंडईत मराठी पडतच राहते. आपल्या मुलांचे तसे नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारात हिंदी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू. आमच्या सीमाभागात निदान मराठी शाळा अजून तग धरून आहेत. इतर ठिकाणच्या बहुसंख्य मराठी मुलांना तेही भाग्य लाभत नाही. त्यांची मराठीची शाळा एकच, ती म्हणजे घर. आणि त्या शाळेचा तास एकच, तो म्हणजे हा शिळोप्याचा. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या काळापासून दोन-अडीचशे वर्षे आपल्या घरांनी मराठी टिकवली ती अनुदानावर नव्हे, सरकारी फर्मानावर नव्हे. ती आजी-नातवंडांच्या बोलण्यावर टिकवली. फोनने नेमका तो तास उचलून नेला आहे.

गेल्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना एक साधा गृहपाठ दिला होता. ‘काल आजी किंवा आजोबा माझ्याशी काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा.’ दुसऱ्या दिवशी वह्या तपासावयास घेतल्या. कित्येक वह्यांत तीन ओळींवर गाडी थांबली होती: ‘जेवलास काय? अभ्यास झाला काय? तो फोन ठेव की आता.’ एका मुलीने मात्र दीड पान लिहिले होते. तिची आजी संध्याकाळी मेथी निवडावयास बसते आणि ही तिला मदत करते. तेवढ्या अर्ध्या तासात मार्कंडेय नदीला लहानपणी पाहिलेला पूर, पुरात अडकलेली म्हैस आणि ती सोडवावयास गेलेले तिचे मामा, असे सारे त्या मुलीच्या वहीत उतरले होते. त्या दीड पानात ‘पडवी’ होती, ‘दावे’ होते, ‘कासरा’ होता, ‘तिन्हीसांजा’ होत्या. यांतील एकही शब्द आम्ही वर्गात शिकवला नव्हता. दोन वह्यांमधील अंतर बुद्धीचे नव्हते. मेथीच्या एका जुडीचे होते.

लिपीची कथाही अशीच. आपली बहुतेक मुले फोनवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत. एम्, ए, एल्, ए ही चार अक्षरे ओळीने लिहिली तर ते ‘मला’ झाले, ‘माला’ झाली, ‘माळा’ झाला की ‘मळा’, हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे! ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांतील भेद त्या लिखाणात बुडून जातो. कन्नड, गुजराती, तेलुगू या भाषांत ळ आहे, म्हणून त्या प्रांतांतील आपल्या मुलांच्या जिभेवर तो अद्याप टिकून आहे. पण हिंदी मुलखात ज्या घरांत बोलणे थांबले, तेथे ‘शाळे’ची ‘शाला’ होण्यास फार दिवस लागणार नाहीत.

म्हणून फोन फेकून द्यावा काय? मुळीच नव्हे. याच फोनवर परदेशी असलेल्या लेकीचे बाळ आजीला दिसते. याच फोनवर उत्तम देवनागरी कळफलक आहे, मराठी बातम्या आहेत, २००३ पासून वाढत आलेला मराठी विकिपीडिया आहे. बँकेचे, विजेच्या बिलाचे, गॅसच्या नोंदणीचे काम त्याच्याविना अडते. आमच्या पेशात तर रात्री दहा वाजता परिपत्रक येते आणि सकाळी दहापर्यंत माहिती भरून मागितली जाते. वस्तू घरात राहणार हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की घरात ती कोठे आणि केव्हा बसेल हे कोणी ठरवावयाचे?

आमच्यापासून फार दूर नसलेल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे स्वतः ठरवले. २०२२ पासून तेथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद; दीड तास मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, मोठ्यांनी वाचावयाचे अथवा आपसांत बोलावयाचे. एका खेड्याला हे सुचले आणि जमले. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांतून फोन बाहेर काढले. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई झाली. सरकारे जागी होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. आपल्या बैठकीच्या खोलीत भोंगा वाजवावयाचा तो आपणच.

यासाठी फार मोठे व्रत घ्यावयास नको. फोन भरावयास लावण्याची एकच जागा घरात ठरवावी, ती बैठकीत असावी, निजण्याच्या खोलीत नसावी. जेवणाच्या पानावर कोणाचाही फोन येऊ नये. ‘कोणाचाही’ यात कमावता बाप आणि सासऱ्यांचा पत्त्यांचा खेळही आला. दोन वर्षांखालील बाळाला घास भरवण्यासाठी फोन दाखवू नये. इतक्या लहान मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्येच सांगून ठेवले आहे. मुलाच्या फोनमध्ये देवनागरी कळफलक बसवावा आणि आत्याला, मावशीला, काकूला धाडावयाचा निरोप त्या लिपीतच लिहावा, असा घरचा दंडक असावा. रात्री अर्धा तास एखादे काम सर्वांनी मिळून करावे: शेंगा सोलाव्यात, भाजी निवडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. हात गुंतले की तोंड मोकळे होते, हा जुना अनुभव आहे.

आणि आरंभ मोठ्यांनी करावा. आजोबा स्वतः सकाळच्या सुप्रभाती चित्रांत गढलेले आणि नातवाला मात्र ‘फोन ठेव’ म्हणून दटावणार, हे मुलांना पटत नाही; ती अशा बाबतीत मोठी चिकित्सक असतात. शब्दांपेक्षा त्यांना मोकळा हात लवकर दिसतो.

वाचकहो, आपल्या पूर्वजांनी परमुलखात वाडे बांधले, देवळे बांधली, वाचनालये काढली. त्यांतील वाडे पडले, काही वाचनालयांना कुलपे लागली. तरीही आपण आज हे मासिक मराठीत वाचीत आहात. कारण कोणी तरी, कधी तरी, फुरसतीने आपल्याशी या भाषेत बोलले होते. ते ऋण मागच्या पिढीला फेडता येत नाही, पुढच्या पिढीलाच फेडावे लागते. त्यासाठी रोजचा अर्धा तास पुरेसा आहे. आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.