सिकलसेल : जनुकभेद एक, अर्थ अनेक

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा यांसारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्यांत आणि एकूणच पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल हा आजार बीटा-ग्लोबिन जनुकातील एका अक्षराच्या बदलातून उद्भवतो. जीएजी या त्रिकुटाचे जीटीजी झाले की प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी (आरंभीचे मेथिओनिन धरून मोजणाऱ्या आजच्या अहवालांत सातव्या) ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि त्यांच्या ताणाने लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

जनुकभेदांचे 'रोगकारक'पासून 'निरुपद्रवी'पर्यंत पाच गट पाडणारे निकष २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि आता जगभर वापरले जातात. त्यांत मधला गट 'अर्थ अनिश्चित' असा आहे. सिकलसेलचा बदल निःसंशय रोगकारक गटात मोडतो. तथापि ही वर्गवारी बदलाची असते, व्यक्तीची नव्हे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो आला असेल, तर 'एएस' (एक सामान्य 'ए', एक सिकल 'एस') पॅटर्नची ती व्यक्ती केवळ वाहक असते, सहसा निरोगी आयुष्य जगते आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून तिला काही प्रमाणात संरक्षणही मिळते. अशा मुलीला आजारी ठरवून तिचे लग्न मोडणे हा अन्याय आहेच, शिवाय ते वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

तपासणी शिबिरात प्रथम केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विद्युत्प्रवाहाच्या योगाने हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगवेगळ्या अंतरावर सरकतात. परंतु नेहमीच्या अल्कधर्मी माध्यमात 'डी' प्रकार नेमका 'एस'च्याच जागी थांबतो, त्यामुळे 'एसडी' रुग्ण 'एसएस' (दोन्ही प्रतींत सिकल बदल असलेला) भासू शकतो, आणि जनुकाच्या दुसऱ्या प्रतीवर बीटा-थॅलेसेमियाचा तीव्र बदल असला तरीही असाच भास होतो. अशा वेळी आईवडिलांच्या रक्ताची तपासणी केल्याखेरीज निदान पक्के मानू नये, कारण पुढच्या अपत्याविषयीचा सल्ला त्यावरच अवलंबून असतो.

दोन्ही प्रतींत तोच बदल असूनही दोन रुग्णांची प्रकृती सारखी नसते. भारतातील सिकल जनुक बहुतांशी 'अरब-भारतीय' म्हटल्या जाणाऱ्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो. तीत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकते व तंतू बनण्यास अडथळा आणते. यावरून भारतीय रुग्णांचा आजार सौम्यच असतो, असा समज रूढ झाला होता. नागपूर परिसरातील बालरुग्णांच्या अभ्यासांनी मात्र तीव्र वेदनांचे झटके आणि वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागणारी मुले येथेही पुष्कळ असल्याचे दाखवून दिले.