बाणफुलीची करामत

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावच नव्हतं. पडद्याआड प्रत्येकाची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे. मतदार हव्या त्या पेटीत पत्रिका टाकी. निरक्षरांना हे सोपं होतं, पण पेट्याच आडोशाला असल्यानं पत्रिका न टाकता खिशात घालून बाहेर नेता येई, विकताही येई. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत नावं-चिन्हं छापलेली एकच पत्रिका आली, तिच्यावर हव्या त्या उमेदवारासमोर शिक्का मारायचा असे, आणि पेटी अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवता आली.

शिक्का चुकीच्या जागी पडून मतं बाद होतील, हा आक्षेप रास्तच होता. त्याचं उत्तर निव्वळ प्रचारानं मिळत नाही. ते रचनेत शोधावं लागतं, आणि मला त्यातली बाणफुली, म्हणजे शिक्क्यावरची टोकांना बाण असलेली फुली, फार मोलाची वाटते. ओल्या शाईची पत्रिका दुमडली की दुसऱ्याही उमेदवारासमोर ठसा उमटतो. साधी फुली किंवा गोल आरशातही तसाच दिसतो, मग खरं मत कोणतं? बाणफुलीचे बाण मात्र एकाच दिशेनं वळलेले असतात. दुमडीतून उठलेल्या ठशात ते उलटे फिरतात, आणि मोजणी करणाऱ्याला मतदाराचा खरा कौल ओळखता येतो.