पहिली डिस्क कोणती?

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यास आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आधी मलकापूर लागते, मग नांदुरा, जलंब आणि शेवटी शेगाव. नागपूरहून येणाऱ्यास हाच क्रम उलटा. स्टेशने जागची हललेली नाहीत. मोजणारा कोणत्या टोकाकडून निघाला एवढाच फरक. म्हणूनच पाहुण्यास कोणी 'पहिल्या स्टेशनावर उतरा' असे कळवीत नाही, गावाचे नाव कळवतो. संगणकाच्या जगात मात्र पुष्कळ दिवस 'पहिल्या स्टेशनावर उतरा' असेच कळवण्याचा रिवाज होता, आणि तो अजून पुरता मोडलेला नाही.

खऱ्या संगणकाच्या पोटात केवळ प्रोग्रॅमच्या बळावर दुसरा संगणक उभा करतात, त्यास आभासी यंत्र म्हणतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ सालीच व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. आज या कामी फार वापरला जाणारा 'क्यूएमू' हा प्रोग्रॅम फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. आतल्या यंत्रास किती डिस्का द्यावयाच्या हे बाहेरून आज्ञा लिहून ठरते. आतली लिनक्स प्रणाली जागी झाली की पत्त्यांची रांग तपासते. जी डिस्क आधी सापडेल ती 'व्हीडीए', पुढची 'व्हीडीबी'. घरातल्या थोरल्या-धाकट्यासारखेच हे. मात्र घरातला थोरला उद्या सकाळी धाकटा होऊन उठत नाही. येथे उठू शकतो.

तसे घडलेही. क्यूएमूमध्ये एआरएम प्रोसेसरांसाठी 'व्हर्ट' नावाचे एक काल्पनिक यंत्र आहे. त्यात आज्ञेत आधी लिहिलेली डिस्क मोठ्या पत्त्यावर व नंतरची लहान पत्त्यावर बसते. उफराटे वाटले तरी ते मुद्दाम होते. त्या काळची लिनक्स अशा रांगेतही पहिलीलाच पहिले नाव देई. पुढे लिनक्सची मोजणी फिरली आणि सगळा बेत उलटा पडला. मग क्यूएमूवाल्यांनी आपली रांग का फिरवली नाही? कारण लोकांनी आपल्या आज्ञा आधीच लिहून ठेवल्या होत्या. त्या सर्व मोडल्या असत्या. ही हकीकत कर्त्यांनी प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरातच नोंदवून ठेवली आहे. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडला.

यात बिघडते काय? समजा, खामगावच्या एखाद्या पतसंस्थेचे हिशेब अशा यंत्रात आहेत. एका डिस्कवर ठेवीदारांची खाती. दुसरी रोज रात्री कोरी करून तिच्यावर नक्कल उतरवावयाची. आज्ञेत लिहिले आहे, 'व्हीडीबी कोरी करा.' मोजणी उलटली की त्या रात्री खातीच पुसली जातात. यंत्र तक्रारही करीत नाही, कारण व्हीडीबी नावाची डिस्क हजर असतेच! आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या 'लिबव्हर्ट' या प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकात तर स्पष्टच म्हटले आहे की आपण डिस्कला दिलेले असे नाव आत तेच राहील याची हमी नाही. ती क्रमाबद्दलची केवळ सूचना समजावी.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे यूयूआयडी, १२८ बिटांची खूण, अंगावरच्या गोंदणासारखी. खात्यांच्या डिस्कला ती उत्तम. पण डिस्क नव्याने आखली की नवी खूण उमटते, म्हणजे रोज कोऱ्या होणाऱ्या डिस्कला तिचा उपयोग नाही. आणि सबंध डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर गोंदणही दोघींच्या अंगावर सारखेच! तेव्हा आमच्या मते, नकलेच्या डिस्कला बाहेरच्या आज्ञेतच आपण अनुक्रमांक द्यावा. व्हर्टआयओ जातीच्या डिस्कला तो २० रोमन अक्षरांपर्यंत देता येतो. आकडेच हवेत असे नाही, 'नक्कल' हा शब्दही चालतो. रांग कशीही फिरो, लिनक्स त्या अनुक्रमांकावरून डिस्क शोधून देते. ती डिस्क जोडलेलीच नसेल, तर कोरी करण्याची आज्ञा नाव न सापडल्याचे सांगून तेथेच थांबते.